गुरुवार सकाळची डबी

६ फेब्रुवारी, गुरुवार

छोटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेशील. फाड, पण त्याआधी एवढं वाच. परवा मंगळवारी पोस्टमनकाकांनी तुझ्या फोनवर एक मेसेज पुढे पाठवलाय. तुझ्या नावाचा रिपोर्ट तयार आहे, खाली लिंक आहे, तीस दिवसांत उघडावा, असा. तो तुझा नाही. घाबरू नकोस आणि उघडूही नकोस. जसाच्या तसा काकांना परत पाठव, ते मला देतील. तुझ्याकडे एवढंच काम आहे.

आता तुझं नाव त्यात कसं, ते सांगते. शहरातल्या ज्या फर्निचरवाल्याला मी खुर्च्या विणून देते, त्याने नवीन टूम काढली आहे. विणलेली बैठक तपासून तिच्या मजबुतीचा रिपोर्ट देतात म्हणे. फॉर्म भरताना माझ्याकडून चुकून तुझं नाव पडलं. सवयीने. लहानपणी तुझे शाळेचे फॉर्म मीच भरायचे ना.

काकांचा काही दोष नाही. तू गेलीस तेव्हा इथे डबी नव्हती. तीन वर्षांपूर्वी आम्ही बारा घरांनी मिळून इंटरनेटची एक डबी घेतली. तळहाताएवढी आहे, आत सिमकार्ड, बाहेर लांब शेपटीसारखी अँटेना. ती पाळीपाळीने फिरते. सोमवार ते शनिवार, सकाळी एक घर, दुपारी दुसरं. रविवारी डबी काकांच्या कपाटात, कुणाला अडीअडचण असेल तर. माझी गुरुवार सकाळ. इथे कुणाच्याच फोनला रेंज नाही, त्यामुळे कुठलाही फॉर्म भरायचा तर सगळे डबीचाच नंबर देतात. मग बाराही घरांचे मेसेज त्या डबीत येऊन पडतात, आणि ज्याची पाळी असेल त्याने ते चिठ्ठीवर उतरवून गिरणीच्या भिंतीवरच्या फळ्यावर टोचायचे. काकांनी नियम केला आहे, नाव तेवढं वाचायचं, मजकूर वाचायचा नाही. न वाचता उतरवायचा कसा, ते काकांनी सांगितलेलं नाही. आम्ही सगळे वाचतो आणि न वाचल्यासारखं तोंड करतो.

मंगळवारी काकांची पाळी होती. तुझं नाव दिसलं. बत्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. गावात नसलेल्याचं पत्र आलं की नव्या पत्त्यावर धाडायचं, हे हाडात भिनलेलं. धाडलं आणि पोचलेलं टपाल म्हणून डबीतून पुसून टाकलं. आज मी विचारायला गेले तर छाती फुगवून म्हणाले, धाकटीचं टपाल धाकटीला पोचतं केलं. तुझा नंबर त्यांच्याकडे आहे, हे मला आज कळलं. मी मागितला. ते चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, तिने देऊ नका म्हणून सांगितलंय.

असो. माझ्याकडे पत्ता आहे, बाबा गेले तेव्हा तू दोन ओळी पाठवल्या होत्यास त्या पाकिटावरचा. तेवढी लिंक परत पाठव. दुकानदार घाई करतोय.

ताई


१३ फेब्रुवारी, गुरुवार

छोटे,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांत तुझं अक्षर जरासुद्धा सुधारलेलं नाही. पाच ओळी, त्यातल्या तीन रागावण्याच्या. खुर्च्यांचे रिपोर्ट रक्ताच्या लॅबमधून येत नाहीत, हे कबूल. लॅबचं नाव मेसेजमध्ये असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही, बघ. म्हणजे एरवी येत नाही.

तुझी जन्मतारीख टाकूनही ते उघडलं नाही, असं लिहिलंयस. उघडणार नाही. पुन्हापुन्हा टाकू नकोस.

रक्त मी दिलं होतं. दमल्यासारखं वाटतं, अशक्तपणा असेल म्हणून. नाव तुझं टाकलं, कारण माझं नाव टाकलं असतं तर फळ्यावर लागलं असतं आणि संध्याकाळपर्यंत बारा घरांतून बारा काढे आले असते. तू इथे नसतेस, तुझी चिठ्ठी कुणी उचलणार नाही, मी हळूच काढून घेईन, असा हिशेब होता. काकांना मी मोजलंच नव्हतं.

शेवटी विचारलंयस, इंटरनेट घे ना घरी, पत्रं कसली लिहितेस. तुला वाटतं, मी कंजूष आहे. तर ऐक. तारेचं कनेक्शन घ्यायचं तर कंपनीवाला म्हणतो, वळणापासून इथवर खांब तुम्ही उभे करा. स्वतःची डबी घ्यावी, तर पॅक महिन्याचं. मला महिन्यात चार वेळा लागतं, खुर्चीचे फोटो पाठवायला, नव्या ऑर्डरी बघायला आणि वेताच्या भावाची खात्री करायला. उरलेले सव्वीस दिवस ते पॅक कपाटावर बसून माझं तोंड बघणार. एका दिवसाचं पॅक फोनवर मारता येतं, पण ते चालण्यासाठी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून एक हात आभाळाकडे धरावा लागतो. शिंपीणकाकू त्या शिडीवरून एकदा पडल्या, तेव्हाच डबीची वर्गणी निघाली. राहता राहिलं बाजाराच्या गावातलं कॉम्प्युटरचं दुकान, तासावर पैसे. दोन बस बदलून जायचं, आणि मालक खुर्चीच्या पाठीशी उभा राहून आपल्या आधी वाचून काढतो. तिथे मी हा रिपोर्ट उघडणार होते का? तूच सांग.

एरवी डबी म्हणजे सोय आहे. मागल्या खिडकीत, धान्याच्या पिंपावर पाटा उलटा ठेवून त्यावर ठेवली की रेंजच्या तीन काड्या येतात. पण तिला गुपित म्हणून काही कळत नाही.

मी लॅबमध्ये जाऊन आले. कागदावर मागितला, तर ओळखपत्र दाखवा म्हणाले. सुई टोचताना कुणी ओळखपत्र मागितलं नव्हतं. ज्या नावाने रक्त दिलं ती बाई मी नाही, हे मीच सिद्ध करून परत आले. म्हणजे आता ती लिंक फक्त तुझ्याकडे. परत पाठव, छोटे. अशक्तपणाचाच रिपोर्ट आहे.

खरं सांगू का, तू पाठवली नाहीस म्हणून मला आज बरंही वाटलं. आणखी एक आठवडा.

ताई


२० फेब्रुवारी, गुरुवार

छोटे,

काल काय झालं ते आधी लिहिते, मग बाकीचं. हे पत्र बसून वाच, आणि मुलगी शाळेत गेली असेल तेव्हा वाच.

काल दुपारी डबी शिंपीणकाकूंकडे होती. लॅबवाल्यांनी आठवणीचा मेसेज पाठवला. तुझं पूर्ण नाव, आणि पुढे, आपला रिपोर्ट अद्याप उघडलेला नाही, कृपया आधीच्या लिंकवरून उघडून डॉक्टरांना भेटावे. काकूंनी तो मोठ्या अक्षरात उतरवून फळ्याच्या मधोमध लावला. पोचलं नसेल पोरीला, म्हणून काळजीने. मी दळण घेऊन गेले तर गिरणीत सहा माणसं उभी होती. मग एकेकाने विचारलं, काय झालंय धाकटीला, डॉक्टरांना भेटा असं का लिहिलंय, बाळंतपणातलं काही दुखणं का. मी म्हणाले, हो, तसंच काहीतरी.

छोटे, मी त्या भिंतीसमोर उभी राहून तुला आजारी केलं. तू ठणठणीत आहेस आणि दूर आहेस, तरी मी तुझं नाव त्या आजारापुढे लिहिलं आणि लोकांना दाखवलं. चिठ्ठी काढून घ्यायला हात वर केला, तर टाचणी निघेना. दोनदा बोट घसरलं. गिरणीवाला माझ्या हाताकडे बघत होता. बाबांच्या हाताकडे बघायचा तसाच.

आता सांगते. सहा वर्षं गिळून बसले आहे, ते सांगते.

बाबा कधीही प्यायले नाहीत. एक थेंबसुद्धा नाही. चालताना झोकांडी जायची, जीभ जड व्हायची, विणता विणता हात आपोआप उडायचा आणि वेताची पट्टी हातातून सुटून जायची, तो आजार होता. मेंदूचा. रक्तातून येणारा. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. डॉक्टरांनी हे मला कागदावर लिहून दिलं होतं, आणि खाली एक ओळ, मुलींची तपासणी करून घ्यावी. मुलींची. आपल्या दोघींची.

ज्या दुपारी तू बॅग भरत होतीस आणि म्हणालीस, मला दारुड्याच्या घरात राहायचं नाही, तेव्हा मी दारात उभी होते. तो कागद माझ्या खिशात होता. बाबा आतल्या खोलीत होते, त्यांनी सगळं ऐकलं. मी तोंड उघडलं असतं तर तू थांबली असतीस. तुझं लग्न ठरत होतं. थांबली असतीस, तपासून घेतलं असतंस, आणि ते स्थळ हातचं गेलं असतं. मला वाटलं, रागाने का होईना, पण जाईल. भीती घेऊन जाण्यापेक्षा राग घेऊन गेलेली बरी. तू गेल्यावर बाबा मला म्हणाले, बरं केलंस. ते बोलायलाही त्यांना बराच वेळ लागला.

पण मी फक्त तुझ्यासाठी गप्प बसले नाही, हेही लिहायला हवं. तुला सांगितलं असतं तर मलाही तपासावं लागलं असतं. मला नको होतं.

आणि बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस, म्हणून मी चारचौघांत तुला नावं ठेवली. चार शब्द सांगितले असते तर तू धावत आली असतीस, हे माहीत असून.

नोव्हेंबरात माझ्या हातून खुंटी पडली. वेत ताणून भोकात खुंटी मारून ठेवतो ना, ती. पहिल्यांदा पडली तेव्हा हसले. मग एका दिवसात नऊ पडल्या. जानेवारीत दुकानदाराने एक खुर्ची परत पाठवली, जाळीत दोन घरं चुकलेली. पंचवीस वर्षांत माझी एकही खुर्ची परत आली नव्हती. मग मी तो जुना कागद काढला, डॉक्टरांकडे गेले आणि रक्त दिलं. फॉर्मवर नावाच्या रकान्यापाशी आले आणि पेन थांबलं. त्या आजाराच्या शेजारी माझं नाव मला लिहवेना. तुझं लिहिलं. फळ्याचं कारण मी मागून शोधलं. इतकी नीच मी आधी कधी झाले नव्हते.

जन्मतारीख मात्र माझी टाकली. तिथे खोटं सुचलं नाही. म्हणून तुझ्या तारखेने उघडत नाही.

आता उघड. मला परत पाठवू नकोस, तूच उघड. आजाराचं नाव तिथे दिसेल. मी घाबरले आहे, छोटे. डबीच्या खिडकीपाशी उभी राहून एकटीने ते वाचायचं, आणि बाराच्या ठोक्याला डबी पुढच्या घरी नेऊन द्यायची, हे मला जमणार नाही. माझी जन्मतारीख इथे लिहीत नाही. आठवत असेल तर उघडेल. आठवत नसेल तर सहा मार्चला लिंक आपोआप बंद होईल, आणि त्यालाही मी तुला दोष देणार नाही.

तुझ्या मुलीला माझ्याविषयी काय सांगितलंयस, कोण जाणे. बाबांविषयी जे सांगितलं असशील ते तेवढं बदल.

ताई


२७ फेब्रुवारी, गुरुवार

छोटे,

तुझं काही आलेलं नाही. पत्र तीन-चार दिवसांत पोचतं, म्हणजे सोमवारपासून तुझ्याकडे सगळं आहे.

आज डबी माझ्याकडे आहे. सकाळी सातला घेतली, पिंपावर ठेवली, तीन काड्या आल्या, आणि मी एकही फोटो पाठवला नाही. नुसती तिच्याकडे बघत बसले. दर पाच मिनिटांनी मेसेज बघितले. शिंपीणकाकूंच्या मुलाची परीक्षेची फी, गिरणीवाल्याचं वीजबिल, कुणाला तरी बक्षीस लागल्याची थाप. सगळ्यांच्या चिठ्ठ्या केल्या. अक्षर वाकडं आलं. माझं अक्षर वाकडं येतं आहे, की घाईने आलं, हे मी अर्धा तास ताडून बघितलं, जुनी वही शेजारी ठेवून.

हल्ली मी दिवसभर स्वतःवर पाळत ठेवून असते. कप उचलला की बशी वाजते का, ते ऐकते. जिना उतरताना पायऱ्या मोजते, आणि मोजण्यात पाय चुकला की वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून मोजते. काल काकू म्हणाल्या, जरा थकल्यासारखी दिसतेस, भिंत धरून का चालतेस. मी भिंत धरून चालत होते, हे मला ठाऊकच नव्हतं. घरी आल्यावर खोलीच्या मधोमध, काहीही न धरता, दहा मिनिटं उभी राहिले. मग वाटलं, बाबासुद्धा असेच उभे राहायचे आणि मला वाटायचं ते काहीतरी विसरलेत.

हात भीतीने थरथरतात, हे मला माहीत आहे. पण भीती कशाने वाढली? थरथरण्याने. आता यातलं आधीचं कुठलं, ते कुणी सांगावं.

चार खुर्च्या अर्ध्या पडल्या आहेत. वेत भिजत घातला तो भिजून भिजून काळा पडला.

तू उघडलं नसशील तर नको उघडूस. मी म्हणाले ते विसर. पण तुझी तपासणी तू कर, तेवढं तुझ्या मुलीसाठी. माझ्यावरचा राग मध्ये आणू नकोस.

एकच ओळ लिही. रागाची चालेल.

ताई


६ मार्च, गुरुवार

छोटे,

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तू येशील तेव्हा हातात देईन, कारण तू समोर आल्यावर मला यातलं काही बोलता येणार नाही.

मंगळवारी सकाळी पोस्टमनकाका दारात आले. चिठ्ठी फळ्यावर न लावता स्वतः घेऊन आले होते. डबीचा नियम त्यांनी केला आणि त्यांनीच मोडला. गणवेश नाही, पण टोपी घातली होती. माझ्या हातात चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "मी वाचली आहे. नाही वाचली असं म्हणणार नाही." मग गेले नाहीत, उंबऱ्याबाहेर पाठ करून उभे राहिले.

तुझ्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या ते विचारू नकोस. "तारीख आठवत होती. उघडलं. गुरुवारी दुपारच्या गाडीने येते आहे. त्या डॉक्टरांची दोघींची वेळ घेऊन ठेव."

रिपोर्टात काय आहे, ते तू लिहिलं नाहीस. काकांच्या हातून येणार म्हणून लिहिलं नसशील, किंवा समोर बसून सांगायचं असेल म्हणून. पण छोटे, माझं रक्त चांगलं निघालं असतं तर डॉक्टरांकडे तुला एकटीलाच जायला हवं होतं. एकीची वेळ पुरली असती. तू दोघींची म्हणालीस.

मला कळलं. उंबऱ्यातच खाली बसले. काका न वळताच म्हणाले, "धाकटीने मघाशी डबीवर मला वेगळं विचारलं, ताईला मी वाटेत काय आणू. मी म्हटलं, तू ये." एवढं बोलून ते गेले. मी रडले, पण थोडंच. इतके दिवस ज्याला घाबरले ते आलं, आणि त्याच्याबरोबर तूही येते आहेस, त्यामुळे काय करायचं तेच कळेना.

आज सकाळी सातला डबी आणली. डॉक्टरांच्या दवाखान्याचा फॉर्म उघडला. उद्या साडेदहाची वेळ शिल्लक होती. पहिल्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. पूर्ण, बाबांच्या नावासकट. खाली तुझं. कारण विचारलं होतं, तिथे माझ्या नावापुढे त्या आजाराचं नाव लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तुझ्यापुढे नुसतं तपासणी. नंबर डबीचा दिला. वेळ पक्की झाल्याचा मेसेज दहा मिनिटांत आला, दोन्ही नावं आणि माझा आजार, सगळं त्यात. पुसून टाकता आलं असतं. मी त्याची चिठ्ठी केली आणि गिरणीवर जाऊन माझ्या हाताने फळ्यावर टोचली. टाचणी तिसऱ्या वेळेला बसली. शिंपीणकाकू मागे उभ्या होत्या. त्यांनी मला न विचारता तुझी ती जुनी चिठ्ठी काढली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

म्हणजे आता गावात तू आजारी नाहीस. निदान आज तरी नाहीस. तुझं काय निघेल ते मला माहीत नाही, आणि माझ्यापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटते आहे. तुझं निघालं तर मुलीचं काय, हा विचार मी दारापर्यंत येऊ देते आणि तिथून परत पाठवते. उद्या साडेदहापर्यंत.

तुझी खोली झाडली आहे. बाबांची खुर्ची खिडकीत ठेवली आहे, तुझ्यासाठी. तिची अर्धी बैठक त्यांनी विणली होती आणि अर्धी मी, त्यांचा हात उडायला लागल्यावर. कुठे त्यांची संपली आणि माझी सुरू झाली, ते तुला ओळखता येईल. त्यांच्याकडची घरं चुकलेली आहेत. मी ती कधी उसवली नाहीत.

बारा वाजत आले. डबी पुढच्या घरी द्यायची आहे आणि वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. माझी बोटं थरथरताहेत, अक्षर बघतेच आहेस. आजाराने की तू येते आहेस म्हणून, ते आज ताडून बघत नाही.

ताई